मोहाखाली लावलेली गाडी

माझा साळा पुण्याचा. नाशिककडे द्राक्षांच्या मळ्यांतून भाड्याची गाडी फिरवून, जागोजागी वाइन चाखून आला आणि पुढे महिनाभर फोनवर त्याचं तेच.

"भाऊजी, गाडी चालवायची, थांबायचं, घोट घ्यायचा, पुढं जायचं. तुमच्या ब्रह्मपुरीकडं आहे का असं काही?"

"आमच्या इथी मळे लावा लागत नाई," मी म्हटलं. "जंगलच सारं करते. मोह गळाले लागला का ये."

मोहाच्या फुलांची दारू होते, पण आम्ही जाणार होतो त्या गडचिरोलीत दारूबंदी आहे, तेव्हा मी त्याला फक्त फुलं दाखवणार होतो. हे बायको वाचणार आहे, म्हणून मुद्दाम लिहितो.

तो दोन दिवसांसाठी विमानाने नागपूरला उतरला. दुसऱ्या दिवशी संध्याकाळचं परतीचं विमान, आणि त्याच्या दुसऱ्या सकाळी पुण्यात मुलगी बघायची. चाळिशीला टेकलेला गडी. ऑफिसपायी त्याने हाच कार्यक्रम दोनदा पुढे ढकललेला, आणि मुलीच्या वडिलांनी निरोप दिला होता की आता नाही आलात तर येऊच नका. निघताना बायको मला म्हणाली, "त्याला वेळेवर विमानात बसवा. नाही बसला तर तुम्हीही घरी येऊ नका."

विमानतळावर भाड्याची गाडी देताना गाडीवाल्याने तिचे इतके फोटो काढले की लग्नात नवरीचे निघत नसतील. पोटाखाली वाकूनही काढले. मग माझ्या तंबाखू-सुपारीने रंगलेल्या दातांकडे बघून म्हणाला, "काका, खर्रा खाऊन गाडीत थुंकायचं नाही. एक डाग दिसला तर गाडी तुमची." गाडी पांढरी. किती पांढरी? भिवापूरपासून बगळे आपला नातेवाईक समजून आरमोरीपर्यंत सोबत उडत आले. वाट सांगणारी मोबाइलमधली बाई धानोऱ्याच्या पुढे एकदा "उजवीकडे वळा" म्हणाली आणि कायमची गप्प झाली. उजवीकडे बिबट्या बसलेला होता. मी पाहिला. साळा म्हणतो, वारूळ होतं.

मुक्काम एका ओळखीच्या शेतकऱ्याकडे होता. त्याच्या घरची गल्ली इतकी अरुंद की बैलसुद्धा पोट आत घेऊन जातो. साळ्याने गाडी गावाबाहेरच लावायचं ठरवलं. तिथे एक आडवातिडवा वाढलेला मोह होता आणि त्याच्याखाली पान ना काडी, अशी लख्ख झाडलेली जमीन.

"वा भाऊजी! पार्किंगला काय जागा ठेवलीय!"

आता ती जमीन कोणी आणि कशासाठी झाडली, हे आमच्याकडच्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. पण माझ्या तोंडात खर्रा होता, काचेचं बटण साळ्याकडे, आणि तोंड उघडलं तर गाडी माझी. मी दोन्ही हातांनी खाणाखुणा केल्या, हूं हूं केलं. त्याला वाटलं, मी जागेची तारीफ करतोय.

सकाळी पाहतो तर गाडी नाही. तिच्या जागी फिकट पिवळ्या, रसरशीत फुलांचा ढीग, त्यातून दोन आरसे कानांसारखे बाहेर आलेले. वरून टप टप चालूच. वास असा की माझ्यासारखा सोवळा माणूसही झोकांडला. चाकांपुढे, चाकांमागे, पोटाखाली, सगळीकडे मोह. आणि बंपरसमोर टोपली घेऊन एक म्हातारी बाई बसलेली.

"कोनाची हाये ही गाडी?"

"माझी. म्हणजे भाड्याची," साळा म्हणाला. "जरा सरकता का? मला विमान गाठायचंय."

"हालवाची नाई. फुलं चिरडतीन."

"अहो आजी, थोडीशी चिरडतील."

"झाड माया घरचं हाये. सासूच्या सासूपासून. एक फूल चिरडू देनार नाई. जमीन काय तुया गाडीसाठी झाडली होती का मी?"

साळ्याने माझ्याकडे पाहिलं. माझं तोंड आता रिकामं होतं, म्हणून मी घाईने त्यात खर्रा टाकला.

"मग मी काय करू?"

"वेच मायासंगं."

तर तो वेचायला बसला. इस्त्रीच्या पँटीत, उकिडवा. मी बॉनेट घेतलं, म्हातारीने चाकं घेतली, साळा गाडीखाली आडवा. मोठा संताप यायचा तो याचा की चाकापुढची जागा साफ झाली की वरून नवी फुलं पडत. ऊन चढेपर्यंत झाड ऐकत नाही. दुपार झाली तरी त्याचे फक्त पाय बाहेर दिसत होते. नागपूर लांबच सरकत चाललं होतं.

अखेर त्याने गाडीखालूनच फोन लावला. मध्यस्थाला नाही, थेट मुलीला. स्पीकर चालू, कारण हात रसाने चिकट.

"मी उद्या सकाळी पोचू शकत नाही."

"तिसऱ्यांदा," ती म्हणाली. "या वेळी कुठली मीटिंग?"

"मीटिंग नाही. मी गाडीखाली आहे."

"अपघात?"

"नाही. फुलं वेचतोय. वेचून झाल्याशिवाय गाडी हलवता येत नाही."

पलीकडे तिने पंखा बंद केला; पुण्यातला खटका मला इथे ऐकू आला.

"पिऊन बोलताय का?"

म्हातारी फोनजवळ वाकली. "नाई वो बाई, सकाळपासून चहाबी नाई भेटला त्याले. तू कोन?"

"हे ज्या मुलीला बघायला येणार होते, ती."

"मंग तूच पाह्य ना त्याले. पोरगा ढिला हाये, वेचता येत नाई. पन चिरडत नाई."

ती हसली. मग म्हणाली, "उद्या नका येऊ. परवा या. बाबांना मी सांगते काय सांगायचं ते."

विमान अर्थातच गेलं. गाडीवाल्याने परत घेताना वास घेतला, पुन्हा घेतला, आणि खर्ऱ्याचा डाग शोधत राहिला. नव्हता. बायकोने मला दुसऱ्या दिवशी घरात घेतलं.

लग्न झालं. गेल्या वर्षी दोघं इकडे आली होती, पुन्हा भाड्याच्याच गाडीने. साळा गाडी लावायला थांबला की आधी ती उतरते आणि वर बघते.