तीन सुबक ठिपके

ही फजिती सांगावी की न सांगावी, या विचारात मी पुष्कळ वर्षे काढली. ज्यांच्यादेखत ती घडली, ते सारे आता वर गेले. तेव्हा ऐका, चहा मात्र निवू देऊ नका.

लढाईचे दिवस. मी मॅट्रिक होऊन नुकतीच रनाळ्यास सून म्हणून आलेली. मॅट्रिक सून! माझ्या मते साऱ्या गावाने मला पाहायला रांग लावायला हवी होती. लावली नाही, ते असो.

मामंजींकडे परवान्याचे रिव्हॉल्व्हर होते. ज्वारीतली रानडुकरे हाकलायला. नवी काडतुसे मिळेनात, म्हणून झाडलेल्या काडतुसांच्या पितळी नळ्या ते घरीच पुन्हा भरीत. सहा भरण्या झाल्या की नळी तडकते, हा त्यांचा अनुभव. म्हणून दर भरणीला नळीवर शेंदराचा एक ठिपका.

हे मला कोण सांगणार? आणि मी कशाला विचारीन?

एके सकाळी डबाभर काळवंडलेल्या नळ्या दिसल्या. पितळ, आणि काळे? चिंच-राख घेऊन बसले.

सासूबाई दारातून म्हणाल्या, "काय करी राहिनी व?"

"पितळ उजळते आहे."

"ते भांडं नही शे!"

"पितळ ते पितळच, सासूबाई."

दुपारी जेवताना मामंजी म्हणाले, "सकाय मामलेदार साहेब येवाव शे. घरनी काडतुसं धोक्यानी शेतस, आशी कोनी चुगली करी. त्यासना समोर बार चालाडीसन दखाडनं पडी, नहीतर परवाना जाई. तीनच ठिपका शेतस त्याच नळ्या भरसू."

ठिपके तर मी सकाळीच चिंच-राखेने घासून टाकले होते. कबुली द्यावी? छे! मारुतीपुढचा शेंदूर आणला आणि प्रत्येक नळीवर तीन-तीन ठिपके दिले. दोऱ्याने अंतर मोजून, अगदी समान.

मामंजींनी डबा उघडला. "इतल्या नळ्या तीन ठिपकासन्या? मन्ही याद गयी का काय!"

"मी फक्त पुसल्या हो, मामंजी!"

दुसऱ्या दिवशी नाल्याच्या काठावर मडके ठेवले. साहेब खुर्चीत. मामंजींनी नेम धरला. फट्! मडके जागच्या जागी. नळी मात्र उभी चिरून आत घट्ट अडकलेली.

साहेबांनी उरलेल्या नळ्या पाहिल्या. "पाटील, ठिपके फारच सुबक आहेत. आपणच काढता?"

मामंजींचा ठिपका म्हणजे अंगठ्याचा फराटा. ते वळले. "सूनबाई!"

मी सत्य सांगितले. शुद्ध मराठीत, यद्यपि-तथापिसकट. साहेब म्हणाले, "मग परवाना काढून घेतो. कोणती नळी किती जुनी, हे आता ब्रह्मदेवालाही कळायचे नाही."

तेवढ्यात सासूबाई पदर सावरीत पुढे आल्या. डब्यातली एक रिकामी नळी दगडावर वाजवली. टण्! दुसरी. बद्द! ती फेकली. साहेबांचा चहा संपेपर्यंत साऱ्या नळ्या निवडून झाल्या. अडकलेली नळी बाभळीच्या काडीने ठोकून काढली, टणटणीत तीन भरल्या, आणि तिसऱ्या बारास मडक्याचे तुकडे उडाले. परवाना वाचला!

साहेब थक्क. "आजी, ही परीक्षा कुठे शिकलात?"

सासूबाईंनी आधी माझ्याकडे पाहिले, मग फुटक्या मडक्याकडे.

"बाजारमा मडकं आम्ही वाजाडीसन लेतस, साहेब. सून तेवढी सर्टिफिकेट दखीसन आनी."