न झालेले नऊ विजय

शनिवार उजाडला तोच दमट. रात्रभर पाऊस झोडपून गेलेला, आणि कूपर्स फेरी गावची लाल माती बुटांना चिकटून पार उंबऱ्यापर्यंत आलेली. डेल्बर्ट किम्ब्रो पहाटेपासून स्वयंपाकघरातल्या टेबलाशी रंगीत पेन्सिली घेऊन बसला होता. पुठ्ठ्यावर आजच्या सामन्यातल्या दोन्ही संघांची पोरं मांडायची: नंबर, नाव, गाव, वजन, आणि कोपऱ्यात बारीक अक्षरात आईचं नाव. पोराने चेंडू रेषेपार नेऊन टचडाउन केला की डेल रेडिओवरच्या समालोचनात आईचंही नाव घ्यायचा. अलाबामातल्या त्या कोपऱ्यात बायका त्यासाठी चुलीवरचं कालवण करपवायच्या.

एकोणिसाव्या वर्षी तो पेंडीच्या दुकानात पोती उचलत होता. कॉलेजच्या सामन्यात निवेदकाचा घसा बसला आणि कुणीतरी या मोठ्या आवाजाच्या पोराला माईकपुढे ढकललं. तो एकेचाळीस वर्षं उठलाच नाही. आठवडाभर दुकान, शनिवारी माईक, आणि रविवारी चर्च सुटलं की जुन्या खेळाडूंच्या विधवांच्या माळ्यांवर चढून उंदरांनी कुरतडलेले जुने कागद हुडकायचे. कॉलेजच्या फुटबॉलचा इतिहास लिहिला तो असा, घाम गाळून. त्याचा एकच हेका: चेंडू काखेत घेऊन पळालेले यार्ड एकदा माणसाच्या नावावर चढले की तो मेला तरी उतरायचे नाहीत.

अकरा वाजता क्रीडाप्रमुख ट्रिप हॅलोवेल नवं रेकॉर्डबुक घेऊन समालोचनाच्या खोलीत आला.

"डेल, आजपासून हे धरायचं. पाच वर्षांपूर्वीचे आपले नऊ विजय कॉलेज-खेळांच्या संघटनेने काढून टाकलेत. आपल्या संघातल्या कॉर्डेल पिट्सचे अभ्यासाचे निबंध शिकवणीच्या मास्तरने लिहिले होते ना, तरी तो खेळला, म्हणून. पिट्सचं नावही घ्यायचं नाही."

"आणि हरलेल्यांचं काय? त्यांची हार पुसली?"

"नाही. ती तशीच राहते. नियम आहे."

"म्हणजे ते हरले, पण आपण जिंकलो नाही. मग त्यांना हरवलं कुणी रे, भुताने?"

"नियम मी नाही केले, डेल."

"तू काहीच केलं नाहीस, तीच तर बोंब आहे! मास्तर आणला कोचने. तो कोच आता मोठ्या कॉलेजात मिरवतोय. पोराच्या पाठीवर बसून सगळे नदी उतरलात, आणि आता पोरालाच बुडवताय!"

"जमत नसेल तर माईक ठेव खाली."

डेलची मान बिटासारखी लाल झाली. पण खाली बँड वाजायला लागला होता. तो बसला.

मध्यंतराच्या थोडं आधी घरच्या संघाचं एक पोर लांब पळालं. असं पळालं की जुना विक्रम सांगायचा, ही डेलची रीत. पुस्तकात त्या जागी भलतंच नाव छापलेलं. त्याने पुस्तक मिटलं.

"मंडळी, या मैदानावरची सर्वात मोठी दौड सांगायची मला बंदी आहे. ऑफिस म्हणतं, तो सामना आपण जिंकलोच नाही. बरं! मग कॉर्डेल पिट्स त्या दिवशी एकशे ऐंशी यार्ड पळाला तो कुठे, स्वप्नात? कपाळाला चौदा टाके पडले ते काय माझ्या? मिस व्हर्डी, ऐकताय ना? तुमचा पोरगा पळाला होता. मी बघितलंय!"

मध्यंतराला ट्रिपने त्याच्या कानांवरचे हेडफोन काढून घेतले.

मैदानाच्या फाटकाबाहेर कॉर्डेल डुकराच्या बरगड्या भाजत उभा होता. शनिवारी त्याची गाडी तिथेच लागायची. निखाऱ्यांशेजारी रेडिओ चालू होता.

"काय हे, मिस्टर डेल? उद्या चर्चमध्ये पुन्हा सगळे माझ्या आईकडे वळून बघणार. मी निबंध लिहिले नव्हते, हे खरंच आहे."

"पण तू पळाला होतास!"

"ते मला ठाऊक आहे. तुम्ही विचारलंत मला, आज नाव घेऊ का म्हणून?"

ट्रिपवर ओरडणं सोपं होतं. इथे ओरडायला जागा नव्हती.

कॉर्डेलने चिमट्याने बरगडी उलटली. "आणि एकशे ऐंशी नाही. एकशे सत्त्याऐंशी."

सत्त्याऐंशीच. डेलच्या स्वतःच्या वहीत, स्वतःच्या अक्षरात तसंच होतं. रागाच्या भरात सात यार्ड त्यानेही खाल्ले होते, आणि आता दुरुस्त करायला माईक नव्हता.

"चुकलं माझं," तो म्हणाला. "दोन्ही चुकलं."

"हं," कॉर्डेल म्हणाला, आणि मागच्या गिऱ्हाइकाकडे वळला.

घरी बायको, ओलेटा, पडवीत चवळीच्या शेंगांची पाटी घेऊन बसलेली.

"ऐकलं मी. काढलं ना?"

"काढलं."

"ट्रिपच्या आजीला मी ओळखते. तीही अशीच शेपूट घालायची. बस आता. अर्धी पाटी राहिलीय."

मैदानावरच्या भोंग्यातून दुसऱ्याच कुणाचा तरी आवाज येत होता. पोरांची नावं चुकीची उच्चारत होता मेला. डेलने दातओठ खाल्ले, खुर्ची ओढली आणि पहिली शेंग अशी फोडली की दाणे पडवीभर उडाले.

"वेच ते," ओलेटा म्हणाली.

तो खाली वाकला.