तारोडीवर अडलेलं विमान

उत्तनच्या पट्ट्यातला पहिला बी.ए. मी. माझा बापू मासेमार, आईला अक्षरओळख नाही, आणि मी कराचीच्या विमानतळावर टपालाच्या ऑफिसात कारकून – हे अभिमानानंच लिहितो. कुणी भुताखेताचं सांगायला लागलं की मी तिथून उठतो. तरी हे लिहितोय, कारण भागाकार जुळत नाही...

कराची ते जुहू, समुद्रावरून सरळ, साडेपाचशे मैल. आमचं विमान ताशी एकशे दहा मैल. म्हणजे पाच तास. यात श्रद्धेचा प्रश्नच नाही.

लढाईच्या आदल्या वर्षी तार आली – बापू अत्यवस्थ, ताबडतोब ये. साहेबांनी टपालाच्या विमानात थैल्यांशेजारी जागा दिली. सकाळी सातला उडालो.

पावणेबाराला खाली आमच्या तारोडीचा किनारा दिसला. बोंबील वाळत घातलेल्या बांबूंच्या वलांड्या, पांढरं चर्च, ओहोटीत वाळूवर टेकलेली एक होडी. जुहू फार तर दहा मिनिटं. मी ट्रंक मांडीवर घेऊन बसलो.

दहा मिनिटांनी पाहिलं – वलांड्या, चर्च, तीच होडी.

विमान वळलं नव्हतं. किनारा मागे सरकताना मी बघत होतो. सरकायचा, आणि पुढून पुन्हा तोच यायचा. साडेबारा... एक... दोन. आमच्या घराची कौलंसुद्धा ओळखू येत होती. आणि मी थैल्यांमध्ये कोंबलेला, धड उभंही राहता येईना.

“साहेब, हे तारोडी आहे. दोन तासांपूर्वीही हेच होतं.”

“सामने की हवा है. बैठो नी, बाबू,” पारशी पायलट म्हणाला. त्याच्या मानेवरून घाम ओघळत होता.

पावणेतीनला एकाएकी किनारा सुटला. तीनला जुहूला उतरलो. मेकॅनिकनं टाकीत काठी बुडवून पाहिली. “पेट्रोल पाच तासांचंच गेलंय. वाटेत कुठं उतरला होता काय?”

उतरणार कुठं? खाली समुद्र. पायलटनं कागदावर ‘समोरचा वारा’ एवढंच लिहिलं आणि माझ्याकडे न बघता निघून गेला.

भाईंदरपर्यंत गाडी, पुढे टांगा. घरी पोचलो तेव्हा अंगणात माणसं बसली होती. बापू पावणेतीनला गेला होता. बाराला उतरलो असतो तर भेट झाली असती.

आमच्यात घरचा माणूस दर्यावर असला की दाराला कडी घालत नाहीत – घातली तर त्याला बंदर सापडत नाही म्हणतात. मी हसायचो या समजुतीला.

आई सांगू लागली, “बाराच्या आदी पाद्री येऊन गेले. मंग वाऱ्यानं दार आपटाय लागलं, म्हून कडी घातली. तुजा बापूस सारखा म्हनं, पोर दर्यावर हाय, कडी काढ. मी म्हनलं, अवो, पोर इमानात हाय, दर्यावर न्हाय. त्यो गेला, तवा मानसांना बोलवाया दार उघडलं.”

मग तिनं माझा हात धरला. “माज्यामुलं उशीर झाला काय रं तुला?”

“नाही गं आये,” मी म्हणालो. “कराचीहून आठ तासच लागतात.”

बी.ए. झालेल्या मुलाचं म्हणणं. तिनं लगेच मानलं. त्या तीन तासांचा खुलासा माझ्याकडे आजही नाही, आणि शोधायची हिंमतही होत नाही. कुणी विचारलं तर ती माझ्यादेखत ठासून सांगते – आठ तास लागतात, माजा पोर शिकलेला हाय. मी मान हलवतो.