तुळशीच्या डब्यातली माती

आमच्या गॅलरीतली तुळस मी मारली. एवढं एक वाक्य बोलायला मला नऊ वर्षं लागली, आणि तोवर तिचा दोष माझ्या बायकोच्या माथी बसला तो बसलाच.

सत्तर सालानंतरची गोष्ट. पिंपरीत कंपनीच्या क्वार्टरच्या दोन खोल्या, त्यात आई, मी आणि नवी नवरी. नवरी चाकणकडची, शेतकऱ्याची मुलगी. पहिल्या माहेरपणाहून ती परत आली ती एसटीतून मातीचं पोतं घेऊन. लोक मुलीबरोबर लाडू धाडतात, आमच्या सासऱ्यांनी माती धाडली, असं सांगून मी कँटीनमध्ये हशा पिकवला. तिनं मात्र ऑइलच्या रिकाम्या डब्याला खाली भोकं पाडली, तळाशी खापरं घातली. माहेरच्या त्या पोयट्याच्या मातीत वर्षभर कुजलेलं शेणखत, चुरलेला पाला आणि मूठभर निंबोळी पेंड कालवली, ती माती चार दिवस झाकून ठेवली आणि मग तुळशीचं रोप लावलं. मुठीत दाबली की माती धरली पाहिजे आणि बोट लावलं की फुटली पाहिजे, असं तिचं मोजमाप.

तुळस वाढत होती, पण सावकाश. मला सावकाश काही बघवत नसे. तुळशीचं लग्न महिन्यावर आलं आणि आमचं रोप वीतभर. शेजारच्यांची तुळस कमरेएवढी. कंपनीच्या बागेत माळी हिरवळीवर दाणेदार खत टाकायचा आणि आठ दिवसांत ती तरारून यायची. त्याच्याकडून रुमालात दोन मुठी मागून आणल्या आणि घरात कुणी नाही असं बघून बुंध्याशी पुरल्या. चिमूटभर खत पुरे झालं असतं. हे बायकोला विचारलं असतं तर कळलं असतं, पण खत मी तिच्याकडून शिकायचं?

आठवड्यात पानं कडेनं करपली, मग सगळं झाडच वाळलं.

नेमके बायकोचे ते चार दिवस नुकतेच होऊन गेले होते. तेव्हा बायका बाजूला बसत, आणि आमच्याकडे बाजू म्हणजे गॅलरीच, तुळशीपासून चार हातांवर. विटाळाचा हात लागला की तुळस जळते, यावर आईचा आणि झाडून साऱ्या शेजारणींचा भरवसा. आईनं तिला विचारलं, ती नाही म्हणाली. मग आईनं तिला माझ्यासमोर उभं केलं.

"शिवलीस की नाही? खरं सांग."

"न्हाई शिवले."

मी बूट घालत होतो. तिनं माझ्याकडे बघितलं. बस चुकेल म्हणून मी उठलो आणि निघालो. बसला अजून वीस मिनिटं होती. स्टॉपवर उभा राहून मी स्वतःला समजावलं की चार दिवसांत आई विसरेल.

आई विसरली नाही. नवं रोप आईनं स्वतः लावलं, आणि सुनेला त्याला पाणीसुद्धा घालू दिलं नाही. दर वर्षी तुळशीच्या लग्नात ती आतल्या दारातून अक्षता टाकायची. मी अंतरपाट धरायचो. लाज वाटायची, पण लाज वाटून काही होत नाही, तोंड उघडावं लागतं.

आई गेली. तेरावं झाल्यावर बायकोनं तो जुना डबा काढला, माहेरची माती मागवली आणि कालवायला बसली. मी शेजारी बसलो आणि सगळं सांगून टाकलं. तिचे हात थांबले नाहीत.

"म्हाईत हाय," ती म्हणाली. "डबा मीच रिकामा केला व्हता. मुळाशी दाणं दिसलं."

मग आईला का सांगितलं नाहीस, असं मी विचारलं.

"तुमी सांगाल म्हनून थांबले. आत्याबाई व्हत्या तवर वाट बघितली."

तिनं रोप लावलं, भोवतीची माती दाबली. मी पाणी घालायला तांब्या उचलला, तर तिनं तो माझ्या हातातून काढून घेतला.