अर्जुनाची डिस्क

आटपाडीत कॉम्प्युटरची दुकानं ढिगानं हायत, पण गेलेल्या माणसाचा कॉम्प्युटर असला की लोक वजीर मुलाण्याकडंच येत्यात. शेजारी माझं झेरॉक्सचं दुकान हाय. वजीरच्या त्या कपाटाकडं नुसतं बघितलं तरी माझ्या अंगावर काटा येतो. मेलेल्यांच्या डिस्का हायत त्यात. एक पुसत न्हाई हा. "दादासो, त्यांचं हाय ते," म्हणतो. हात लावायच्या आधी चप्पल काढतो, बिस्मिल्ला म्हणतो. येडं हाय, पण सोनं हाय.

उन्हाळ्यात बनाबाई आली, पदरात डिस्क गुंडाळून. तिचा लेक अर्जुना धनगरी ओव्या रेकॉर्ड करायचा. घरातल्या एका खोलीत चारी भिंतींना घोंगडी ठोकलेली, मेंढरांचा आवाज आत येऊ नये म्हणून. तो गेला त्या दिवशी सकाळी मायलेकाचं वाजलं. "ह्या डबड्यानं पोट भरतंय व्हय रं?" असं ती बोलून गेली. दुपारी जेवायला हाका मारल्या, तर ओ न्हाई. मागच्या दारानं गाडी काढून गेला आन् दिघंचीच्या रस्त्याला ट्रकखाली सापडला. दहाव्याला कावळा शिवंना. तवापासनं बाईच्या मनानं एकच घेतलं, पोरगं रुसून गेलं.

"शेवटचं काय बोललाय तेवढं ऐकू दे लेकरा," ती वजीरला म्हणाली.

कॉम्प्युटरचा बोर्ड जळालेला. डिस्क शाबूत, पण रेकॉर्डिंग उघडायचं तर ती जुनी विंडोज एक्सपी आन् तिच्यातलंच सॉफ्टवेअर पाहिजे. म्हणून वजीरनं डिस्कची नक्कल काढली आन् आपल्या कॉम्प्युटरच्या पोटात दुसरा कॉम्प्युटर मांडला. व्हर्च्युअल मशीन म्हणत्यात त्याला. हाताला लागत न्हाई, पण वागतो खऱ्यागत. आता भूत म्हणजे तरी दुसरं काय असतंय, सांगा!

चालू केलं की बिघाडाचा निळा पडदा. आपोआप बंद व्हायचं, परत चालू, परत निळा. बनाबाई बाकड्यावर बसून बघत हुती. हळूच म्हणाली, "शिवंना न्हवं?"

रोज ती यायची, रोज निळा पडदा. दुकानात कुणी मोठ्यानं बोलंना. माझं डोकं फिरलं. "अरं गड्या, आत घातलंस तरी काय तू?"

"डिस्कला मशीनमधी यायला कंट्रोलर लागतोय," तो म्हणाला. "दारच म्हण. आयडीई जुनं, साटा त्याच्या नंतरचं, स्कझी मोठ्या सर्व्हरचं, लय दणकट. मी स्कझी दिलं."

"का रं?"

"मेलेल्याला कोरं कापड घालत्यात दादासो. अर्जुनाला जुनंपानं कसं देऊ?"

"आरं, कापडाचं ठीक हाय! पण त्या एक्सपीला तुझं हे दार ठावं तरी हाय का?"

एक्सपीत स्कझीचा ड्रायव्हर, म्हंजी त्या दाराची किल्लीच न्हवती, त्याशिवाय तिला डिस्क दिसायची न्हाई. वजीर इतकी वर्षं धंदा करतोय, त्याला ठावं न्हवतं व्हय? ठावं हुतं. मायेनं आंधळा झाला हुता. त्यानं स्कझी काढलं, आयडीई लावलं आन् चालू केलं.

पडद्यावर भंडाऱ्यानं पिवळ्या झालेल्या बिरोबा देवाचा फोटो आला. अर्जुनाचा कॉम्प्युटर जिता झाला. वजीरनं शेवटचं रेकॉर्डिंग लावलं. अर्जुना खाकरला, अगदी माझ्या कानापाशी. आई शप्पत, मी मागं सरकलो.

मग लांबनं हाक आली. "अर्जुना, जेवाय ये रं!" बनाबाईचाच आवाज. तिचा गळा खणखणीत, घोंगड्यातनंसुद्धा आत पोचलेला. लगेच जवळनं, हळू आवाजात, "आलो गं आई. फाट्यावर जाऊन येतो, वाढून ठिव."

ते हळू बोलणं घोंगड्यात मुरलं, भाईर गेलंच न्हाई. खुर्ची सरकली, दार वाजलं, गाडी निघाली. रेकॉर्डिंग चालूच ठिवून गेला हुता तो. रिकामी खोली घुमत ऱ्हायली आन् तिच्यात आईच्या हाका. एक रागानं. मग एक काकुळतीनं. मला रडू आवरंना.

वजीर बंद करायला गेला तर बनाबाईनं त्याचा हात धरला. स्पीकरकडं वाकली आन् त्या हाका मारणाऱ्या बाईला म्हणाली, "आगं, ओ दिली की त्येनं. रुसला न्हाई. ताट वाढ तू."