बिडकीनच्या विहिरीत मोठा कॅमेरा

चाळिशीत पोहायला शिकले आणि पुढच्याच वर्षी पाण्याखालचे फोटो काढायचं खूळ लागलं. समुद्र आपल्यापासून लांब, म्हणून मी दादाच्या शेतातली विहीर धरली. बिडकीनच्या अलीकडं त्याची पायऱ्यांची विहीर आहे. माघात तिचं पाणी इतकं निवळतं की तळाला पडलेली बादली वरून दिसते. माझ्याकडं पाण्यात चालणारा, तळहाताएवढा कॅमेरा होता. त्यात मरळ आली, कासवाची मान आली, पण सगळं तुकड्यातुकड्यांनी. लांबून काढावं तर नुसता हिरवट पडदा, जवळून काढावं तर अर्धा मासा.

तेवढ्यात पोहण्याच्या तलावावर ओळख झालेल्या एका डॉक्टरीणबाईंनी त्यांचा मोठा कॅमेरा विकायला काढला. सोबत पाणबंद पेटी, पुढं जवळूनही सबंध दृश्य मावेल असा काचेचा घुमट आणि दोन्ही बाजूंना खेकड्याच्या नांग्यांसारखे दिवे. "रविवारी घेऊन जा, पाण्यात उतरवून बघ, मग ठरव," त्या म्हणाल्या.

पुंडलिकनगरातल्या आमच्या घरात मग आठवडाभर तेवढंच चाललं. चहा घेताना माझं ठरायचं की घ्यायचा. पोळ्या लाटेपर्यंत वाटायचं, एवढं धूड कशाला? शेवटी नवरा म्हणाला, "तू एवढंच सांग, कपाटातला कुठला खण रिकामा करू?"

"अजून ठरलं नाही."

"आरशात बघ एकदा, तोंडावर दिसतंय ठरलेलं," तो म्हणाला आणि पेपर वाचायला लागला.

रविवारी तो स्कूटर चालवत होता आणि मी मागं ती बॅग तान्ह्या बाळासारखी मांडीवर घेऊन बसले होते. विहिरीवर वहिनी आधीच पदर खोचून उभी. ती माहेरच्या विहिरीतच पोहायला शिकलेली, माझ्यापेक्षा दसपट सरस.

पेटी गळते का हे बघायला ती आधी कॅमेऱ्याशिवाय बुडवायची असते. आत कोरडा रुमाल ठेवून मी ती पाण्यात सोडली, तर ती बुडेचना. मी दाबली की दुसरीकडून वर यायची. वहिनीनं तिला पोटाशी धरून बुडी मारली, तर पेटी वहिनीलाच वर घेऊन आली. आम्ही दोघी इतक्या हसलो की माझ्या नाकातोंडात पाणी गेलं. दादा वरून म्हणाला, "आधी तुम्ही दोघी गळताय का ते बघा."

रुमाल कोरडा निघाला. मग कॅमेरा आत बसवला आणि उतरले. वर दोन हातांनी न पेलणारं ते ओझं पाण्यात कापसाचं झालं. ऊन बरोबर डोक्यावर आलं होतं. वहिनीनं वरच्या पायरीवरून उडी मारली आणि बुडबुड्यांचा लोट अंगावर घेत माझ्यासमोर हातभर अंतरावर आली. मी बटण दाबलं.

पायरीवर बसून फोटो बघितला. वहिनी सबंध आली होती. केस, बांगड्या, तळपाय, मागं विहिरीचे दगड, वर आभाळाचा गोल तुकडा. ती कॅमेऱ्यावर वाकली.

"ही मी व्हय?"

"मग कोण?"

"इतकी वर्षं पवते, पन म्या मला कधी पाण्यात बघितलंच नाय." मग डोळे पुसून म्हणाली, "अजून काढा. आता उलटी जाते."

ती उलटी गेली, आडवी गेली, मांडी घालून तळाकडं गेली. ऊन भिंतीवर सरकेपर्यंत आम्ही बाहेर आलोच नाही. दोघींचे दात वाजत होते.

"मग?" नवऱ्यानं टॉवेल देत विचारलं.

विचार करून सांगते, असं म्हणायचं होतं, पण हसूच आवरेना. वहिनीनंच सांगितलं, "घेतला की. आता काय इचारता?"

मी तिथूनच डॉक्टरीणबाईंना फोन लावला. "ठेवते म्हणून सांगायला केला," मी म्हटलं.

"अगं, पण आवाज का एवढा कापतोय?"

"थंडी वाजतेय," मी सांगितलं. ते अर्धंच खरं होतं.