पऱ्हाटीचा कोळसा आणि काकूंची चूल

मित्रांनो, माझ्या विज्ञानकथेत अख्खं गाव कापूस वेचून उरलेल्या वाळक्या झाडांचा, म्हणजे पऱ्हाटीचा, कोळसा करून शेतात गाडतं आणि वर्षभरात उन्हाळा नरमतो.

आज आर्णीहून कथेची प्रिंट काढून आणली आणि शेजारच्या काकूंना वाचून दाखवली. त्या म्हणाल्या, "सगळी पऱ्हाटी गाडली, मंग म्या चुलीत काय घालू? तुह्या गोष्टीचे कागद?"

घरी येऊन संशोधन वाचलं. असा कोळसा कार्बन जमिनीत धरून ठेवतो, हे खरं. पण वर्षभरात ऊन उतरत नाही. आणि काकूंचं सरपण तर मी विसरलोच होतो.

शेवट खोडला. आम्ही शेताच्या धुऱ्यावर उगाच पेटवून देतो, तेवढ्याच पऱ्हाटीचा कोळसा यंदा आमच्या वावरात गाडणार. नवा शेवट त्यानंतरच लिहीन.

काकू बघायला येणार आहेत. तुम्ही?